पंधरापैकी पंधरा

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शिकाऊ लायसन काढायला जाणं म्हणजे म्हातारपणी मुंज करून घेण्यातला प्रकार. पण पद्मजाचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे, गुडघे बसच्या पायऱ्या चढू देईनात आणि आमच्या लेकीनं, अबोलीनं, पुण्याहून येऊन स्कूटर दारात उभी केली. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखला लागतो, तोही आणला. बेळगावच्या आरटीओ कार्यालयात परीक्षेच्या खोलीबाहेर जाऊन बसलो, तर शेजारी भावकू.

भावकू हा उचगावच्या मराठी शाळेतला माझा विद्यार्थी. आता पस्तिशीचा बाप्या झालाय. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या टेम्पोवर पोती चढवतो.

"दोनदा नापास झालो, गुरुजी," तो म्हणाला. "रस्त्याच्या खुणा समद्या वळखतो. पर प्रश्न एक तर कन्नडात, न्हायतर इंग्लिशात. कन्नड बोलतो मी, वाचायला येत न्हाय. आज पास झालो तर शेट टेम्पो शिकवून हातात देतो म्हनलाय. न्हायतर सोमवारी दुसरा गडी बगनार."

"होईल रं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याला कन्नड वाचता येत नाही याला कारण मी. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता, हीच तर पंचाईत. आमच्या शाळेत कन्नडच्या बाई आठवड्यातून तीन दिवस यायच्या. मी मुख्याध्यापक. बाईंना मी हजेरीपत्रकं लिहायला बसवायचो आणि त्यांचा तास मराठी कवितांना घ्यायचो. परीक्षेत सगळ्यांना पास करून टाकायचो. दुसऱ्यांची अक्षरं गिरवायची नाहीत, असं पोरांना बजावायचो. कडोलीच्या मराठी साहित्य संमेलनातही हेच ठणकावून बोललो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या.

त्याच बाई संध्याकाळी माझ्या घरी यायच्या, अबोलीला कन्नड शिकवायला. पोरीला पुढं नोकरी करायची होती ना. तिचा गृहपाठ घेता घेता मीही वाचायला शिकलो, इंग्रजीपेक्षा सहज. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, त्याची गणती नाही. लिहिताना स्वतःकडं कधी वळून पाहिलं नाही.

आत शेजारशेजारच्या संगणकांवर बसवलं. अर्जातच मी भाषा कन्नड निवडली होती. प्रश्न भराभर सुटत गेले. वळणावर पुढची गाडी ओलांडावी का, रुग्णवाहिका मागून आली तर काय करावं, शिकाऊ चालकाच्या गाडीला कुठली पाटी लावावी. मला अगदी मजा वाटायला लागली होती.

"गुरुजी," भावकू पुटपुटला, "ह्ये कन्नडात काय लिवलंय?"

परीक्षेत बोलायचं नाही असा नियम होता. त्या नियमापायी गप्प बसलो असतो तर आज ताठ मानेनं सांगितलं असतं. पण मला नियम आठवलाच नाही. मला भीती वाटली ती, मी कन्नड वाचतो हे त्याला कळेल याची.

"मला तरी कुठं वाचता येतंय रं," मी म्हणालो. "अंदाजानं दाबतोय."

"मग मीबी तसंच करतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क धीर आला होता. इतका वेळ तो एकेक अक्षर लावत बसला होता; आता त्यानं पटापटा बटणं दाबली. मी ते डोळ्यांदेखत पाहिलं आणि माझा पुढचा प्रश्न सोडवला.

थोड्या वेळानं कारकून निकालाचे कागद घेऊन बाहेर आला. भावकू नापास. मग कारकुनानं माझा कागद वर धरला आणि कौतुकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये म्हणाला, "मार्तंड सबनीस, भाषा कन्नड, पंधरापैकी पंधरा. या वयात, बघा." कागद त्यानं माझ्या हातात ठेवला. भावकूला बोललेलं कन्नड चांगलं कळतं.

मला तिथं जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. इतकी लाज मला बापाच्या हातचा मार खातानाही वाटली नव्हती. वाटलं, आता तो चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर मी ते पदरात घेतले असते.

"कधी शिकलासा, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"अबोलीला शिकवायला बाई यायच्या, तेव्हा."

"म्हंजी आमी सातवीत आसताना."

मी मान हलवली. त्यानं नजर माझ्या चपलांकडं वळवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माजी पोरगी हाय न्हवं, दिव्या. तिला गेल्या साली कन्नड शाळंत घातलंय. तवापास्नं तुमच्या घरावरनं जात न्हाय मी. मागल्या वाटंनं जातो. तुमास्नी काय तोंड दाखवू, आसं वाटायचं."

मी त्याचा हात धरायला गेलो, तर माझ्या हातात तो कागद होता.