दांडी बांधली कोणी

“तू तिथे होतीस का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. मी तेव्हा ओल्या चादरी आणायला गेले होते,” धाकटी म्हणाली. आपला आवाज इतका सरळ निघाला याचंच तिला नवल वाटलं. शेजारी उभ्या मुकादमाने समाधानाने मान डोलावली.

ती धडधडीत खोटं बोलत होती. रुग्णालयाच्या धोबीखान्यात, चादरी ज्यातून इस्त्री होऊन निघत त्या तापलेल्या रुळाशी थोरली आणि धाकटी जोडीनेच उभ्या असत. नावं वयावरून पडलेली, नातं काही नव्हतं. रुळापुढे एक आडवी दांडी होती. चुकून हात पुढे गेला की दांडीला लागायचा आणि रूळ थांबायचा. पण जाड चादर आली तरी तो थांबायचा, आणि कामाचा खोळंबा व्हायचा. “बांधून टाका ती ब्याद,” मुकादम म्हणाला, आणि धाकटीनेच चिंधी घेऊन दांडी वर बांधली. आज थोरलीचा हात आत गेला. आता मुकादम सांगत होता, दांडी थोरलीनेच आळसापायी बांधली. म्हणजे चूक तिची, नोकरीही गेली आणि औषधपाणीही तिचं तिनेच बघायचं.

धाकटीचा नवरा गेल्यापासून सासरे आणि मुलगी तिच्याच जिवावर होते. तोंड उघडलं की आपणही घरी, एवढंच तिला दिसत होतं.

संध्याकाळी घरी दुसरं संकट. रोज बायबलच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या कथेतला, एक भाग वाचायचा आणि मग प्रत्येकाने सांगायचं, आज आपण त्यातलं कोण होतो. ही सासऱ्यांची शिस्त. म्हातारा स्वतः मात्र पळवाट काढण्यात पटाईत. कधी गाढव व्हायचा, कधी होडी. वाचन क्रमाने चालायचं, आणि आज नेमकी पाळी आली होती अंगणातल्या शेकोटीची, जिथे येशूला पकडून नेल्यावर त्याचाच शिष्य पेत्र, कोंबडा आरवेपर्यंत, पुन्हा पुन्हा म्हणतो की मी त्या माणसाला ओळखत नाही.

“मी कोंबडा!” मुलगी म्हणाली. “आज आजोबांना मीच उठवलं.”

“मी शेकोटी. दिवसभर चुलीपाशीच तर होतो,” सासरे म्हणाले. “सूनबाई, तू?”

दासी म्हणावं, पहारेकरी म्हणावं आणि मोकळं व्हावं. कोण बघायला आलंय? तिने तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

“पेत्र,” ती म्हणाली. मग सगळंच सांगून टाकलं.

सासऱ्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “भीती मलाही वाटते गं. तुझं काम सुटलं तर आपलं कसं व्हायचं, देव जाणे. पण गप्प बस, असं काही माझ्या तोंडून निघायचं नाही.”

सकाळी ती साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मुकादम आत चहा पीत बसलेला. तिला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. ती आत गेली.

“साहेब, काल मी खोटं बोलले. मी तिथेच होते. दांडी मी बांधली. यांनी सांगितलं म्हणून बांधली.”

“काय बरळतेय ही!” मुकादमाचा चहा बशीत सांडला.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “चौकशी होईल. तोवर तू कामावर येऊ नकोस.”

थोरली त्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर होती. हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. कालची साक्ष तिच्या कानावर गेलेली असणार, कारण धाकटीला पाहताच तिने तोंड फिरवलं.

“मी सांगून आले,” धाकटी म्हणाली. “सगळं. माझ्या हाताने बांधली, तेही.”

“आज सांगितलंस,” थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

“हो. आज.”

धाकटी जायला निघाली, तशी थोरली कण्हत उठून बसली.

“एका हाताने केस आवरत नाहीत. वेणी घालून दे.”

धाकटी तिच्या मागे बसली. उद्याची भीती अजून अंगातून गेली नव्हती. घातलेले पेड पुन्हा सुटत होते. थोरली मान ताठ धरून बसून राहिली.