त्याच्या खालचं नाव

“आई, हे बघ! आपण दोघी यादीत आलो,” म्हणत लेकीनं फोन नाकासमोर धरला, आणि मावशीच्या हातातला झारा कढईत पडला.

लाँड्रीत तिला सगळे मावशी म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. तेलाचे थेंब मनगटावर उडाले होते, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“कसली यादी?”

“मतदारांची. नोकरीसाठी पत्त्याचा पुरावा हवा होता ना? म्हटलं, माझं नाव घालतेच आहे तर तुझंही घालून टाकू. त्या दिवशी सही घेतली होती की तुझी.”

मावशीनं सही केली होती खरी. लेक समोर ठेवेल त्या कागदावर ती डोळे मिटून सही करायची. जगात विश्वास टाकायला तिच्याकडे तेवढं एकच माणूस होतं. आता तिनं पाहिलं: तिचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, वय आणि या खोलीचा नंबर.

“त्याचं नाव कशाला घातलंस?”

“रकाना होता. भरला.”

“आणि ही यादी बघतं कोण?”

“कोणीही. सगळ्यांना खुली असते,” लेक म्हणाली, आणि बोलता बोलता तिलाच काय ते कळलं.

लेक पहिलीत असताना एका भरदुपारी मावशी तिला घेऊन गाव सोडून निघाली होती. अंगावरचे कपडे, एक पिशवी आणि शाळेतून तशीच उचललेली पोर, एवढाच संसार. नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. बाहेर त्याला भारी मान. दुकानदार तो दिसला की उठून उभे राहत. घरात तो तिलाही रोज तपासायचा आणि ती रोज कमीच भरायची. तो कधी आरडाओरडा करायचा नाही. हळू आवाजात म्हणायचा, “जमिनीत गाडून घेतलंस तरी उकरून काढीन.” ते तिला मारापेक्षा जास्त लागायचं, कारण तो बोललेलं करून दाखवणारा माणूस होता.

तेव्हापासून तिनं स्वतःला कुठल्याही कागदावर येऊ दिलं नव्हतं. खोली घरमालकिणीच्या नावावर, विजेचं मीटर तिच्याच नावावर. माहेरी पत्र नाही, फोन नाही. आई गेल्याचंही तिला वर्षभरानं उडत उडत कळलं. तेव्हा ती न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडली होती. ज्याचं कुठं नावच नाही त्याला शोधणार कसं, असा तिचा साधा हिशोब होता. आता लेकीनं कौतुकानं तो हिशोब एका सहीत मोडला होता.

“काढून टाक,” ती म्हणाली.

“त्यालाही अर्ज करावा लागतो, आई. वेळ जातो त्यात.”

दुसऱ्या दिवशी मावशीनं लाँड्रीतलं इस्त्रीचं टेबल फिरवून घेतलं. इतकी वर्षं तिची पाठ दाराकडे असायची. आता दार समोर आलं.

“काय मावशी, गिऱ्हाइकांवर नजर ठेवायचा विचार आहे का?” शेठनं विचारलं. शेठ म्हणजे लाँड्रीचा मालक, पोटानं आणि मनानं सारखाच मोठा. “मला वाटलं, तो माझा धंदा.”

“उजेड बरा येतो,” ती म्हणाली.

उजेड कसला! दाराची काच हलली की तिचं लक्ष इस्त्रीवरून उडायचं. एका गिऱ्हाइकाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली आणि पिवळा डाग उठला. शेठ फक्त तिच्याकडे बघत राहिला. मागच्या अंगणात शर्ट वाळत घालताना ती दोरीच्या आड उभी राहायची. शर्ट वाळत घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शर्ट उलटा करायचा, वरचं बटण लावायचं, डोकं खाली करून खालच्या काठाला दोन चिमटे, आणि सगळे शर्ट एकाच दिशेला तोंड करून. खांद्यावर चिमट्याची खूण नाही, कॉलर मोडत नाही. “आमच्या मावशीची पद्धत,” शेठ येईल त्याला अभिमानानं दाखवायचा. ही पद्धत ती कुठं शिकली, हे कोणी विचारलं नव्हतं. शर्टाच्या खांद्यावर चिमट्याची खूण दिसली की नवरा तोच चिमटा तिच्या दंडाला लावायचा आणि पेपर वाचून होईपर्यंत काढू द्यायचा नाही. घर सुटलं, पण हातांना लागलेली शिस्त काही सुटली नाही.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, “यादी सगळ्यांना खुली असते ना? मग मलाही असेल. त्याला शोध.”

“कशाला, आई?”

“किती लांब आहे ते कळू दे. मला नीट झोपता येईल.”

लेकीनं नाव घातलं, बापाच्या बापाचं नाव घातलं, अंदाजानं वय घातलं. जुन्या गावात तो नव्हताच. मग एका ओळीपाशी तिचा घास हातातच थांबला.

“बोल ना!”

“इथंच आहे. याच शहरात. कालव्यापलीकडच्या सरकारी वसाहतीत. बदली झाली असेल.”

मावशीनं ताट बाजूला सरकवलं. बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. कालव्याजवळच्या बाजारात ती कितीदा तरी जाऊन आली होती. सुटे पैसे मोजत उभी असताना तो कधी पाठीमागून गेला असेल का?

“आपण खोली बदलू,” लेक रडवेली होऊन म्हणाली. “माझ्यामुळे झालं हे सगळं. उद्याच बदलू.”

“थांब. ते खाली काय आहे?”

यादी घराप्रमाणे होती. त्याच्या नावाखाली, त्याच घर नंबरावर, आणखी एक नाव होतं. बाईचं. पतीचं नाव म्हणून त्याचंच. वय लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनीच जास्त.

“सुधारला असेल,” लेक म्हणाली.

“असेल,” मावशी म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

त्या रात्री तिला झोप आली नाही ती नाहीच. आता भीती नुसती स्वतःसाठी नव्हती, यादीतल्या त्या बाईसाठीही होती. सोमवारी तिनं शेठकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. लेकीला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिनं दार अडवलं असतं. नुसतं लांबून बघून यायचं, तो कामावर असेल, असं स्वतःलाच बजावत ती बसमध्ये बसली. कालव्याचा पूल आला तेव्हा तिला उतरून परत जावंसं वाटलं. उतरली, पण परतीच्या बसकडे न जाता वसाहतीकडे चालू लागली.

घर नंबर शोधावा लागलाच नाही. तळमजल्यावर, घराच्या बाजूला दोरी होती. दोरीवर पाच शर्ट, उलटे, डोकं खाली, वरचं बटण लावलेलं, खालच्या काठाला दोन दोन चिमटे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

सुधारला नव्हता.

मावशी कुंपणाचा गज धरून उभी राहिली. तेवढ्यात कपडे काढायला एक बाई बाहेर आली. यादीत वाचलं होतं त्याहून लहान दिसत होती. अंग भाजून निघेल अशा उन्हात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होता. शर्ट काढायच्या आधी ती प्रत्येकाचा खांदा निरखून बघत होती.

“ताई,” मावशीनं हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “लाँड्रीला कपडे देता का?”

“नाही. आमच्याकडे घरीच धुतात.”

“मीही शर्ट असेच वाळत घालते,” मावशी म्हणाली. “उलटे. बटण लावून. खांद्याला चिमटा लागला तर दंडाला लागतो.”

त्या बाईचा हात दोरीवरच थांबला. तिनं मावशीकडे नीट पाहिलं. मग नकळत उजव्या हातानं स्वतःचा डावा दंड धरला.

“कोण आलंय?”

आवाज आतून आला. हळू, अगदी शांत. तो घरीच होता. पळावं म्हटलं तर मावशीचे पाय हलेनात. आता दार उघडेल, आता तो चौकटीत उभा राहील आणि म्हणेल, बघ, काढलं की नाही उकरून.

“लाँड्रीवाली आहे,” ती बाई दाराकडे तोंड करून म्हणाली. “कपडे विचारतेय. नको म्हणून सांगितलं.”

“मग बोलत काय उभी आहेस?”

“आले. एकच शर्ट ओला आहे अजून.”

शर्ट खडखडीत वाळलेला होता. तिनं तो पुन्हा दोरीवर घातला आणि कुंपणाजवळ आली. मावशीनं पर्समध्ये हात घातला. तिथं लाँड्रीची पावती होती, पेनही होतं. पण तिनं हात तसाच बाहेर काढला. कागद त्याच्या हाती पडायला किती वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

“लिहून देत नाही. ऐक आणि पाठ कर,” ती म्हणाली. इतकी वर्षं माहेरीही न कळवलेला पत्ता तिनं गल्लीपासून खोलीपर्यंत सांगितला, लाँड्रीचाही सांगितला. शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. ते ऐकल्यावर त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हे नाव त्या घरात तिनं काही वेगळ्याच शब्दांसोबत ऐकलं असणार.

“तुम्ही तर मेलात म्हणाले होते ते.”

“नाही मेले. म्हण बघू परत.”

तिनं ओठातल्या ओठात पत्ता म्हटला. एका जागी चुकली. मावशीनं सुधारला, पुन्हा म्हणून घेतला. मग आत खुर्ची सरकली, आणि मावशी मागे न बघता चालू लागली. वसाहतीच्या फाटकापर्यंत चालली, मग मात्र धावली.

दोन दिवसांनी लेक दुपारीच लाँड्रीत आली. तिच्या हातात नाव वगळायचा अर्ज होता, नीट भरलेला.

“सही कर, आई. आजच देऊन येते.”

मावशीनं इस्त्री बाजूला उभी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीनं दिलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी करून तिच्या हातात परत दिला. सोमवारी कुठं गेली होती ते सगळं सांगितलं. लेक ऐकता ऐकता स्टुलावर बसली.

“अगं पण ती त्याला सांगेल! घाबरून सांगेल. नाहीतर तोच यादीत बघेल.”

“बघेल,” मावशी म्हणाली. “मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. काल चिंच पडली पत्र्यावर तर मी पलंगावरून खाली आले. पण ती घाईत होती गं. एकदा चुकली सुद्धा. पत्ता विसरली आणि यादीतही माझं नाव नसलं, तर कुठं शोधणार ती मला?”

लेकीनं अर्ज पर्समध्ये ठेवला.

आतून शेठ कपाळाचा घाम पुसत आला. “मावशी, ते टेबल आता पहिल्यासारखं फिरवू का? पंख्याचा वारा लागत नाही तुम्हाला इथं.”

“राहू द्या, शेठ. दार दिसतं इथून.”

काच हलली. तो असेल, नाहीतर ती असेल. मावशीनं हातातला शर्ट टेबलावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडे पाहिलं.