आधीचा फोटो

डोक्यावर केस किती आहेत, हे अर्धं डोक्यावर ठरतं आणि अर्धं दिव्यावर. ही गोष्ट त्या दवाखान्यात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो होता तिथला फोटोग्राफर. डॉक्टरीणबाई हुशार, पण त्यांचं सगळं लक्ष केसांच्या मुळांकडे. फोटोच्या खोलीतला दिवा कुठे असतो, हे बघायला त्या कधी आल्याच नाहीत.

दवाखाना केसांचा. गळणाऱ्या केसांवर नवं औषध निघालं होतं. मुळं मेलेली नसतात, नुसती झोपलेली असतात, आणि हे औषध त्यांना उठवतं, असं बाई जीव तोडून समजावून सांगत. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. येणाऱ्यांचा मात्र नेमका नसे. याआधी तेलं चोळून, कांद्याचा रस लावून, नाही नाही ते खाऊन पोळलेली माणसं ती. "बघू या तरी" म्हणत यायची, आत शिरेपर्यंत डोक्यावरची टोपी काढायची नाहीत. पण बाहेरच्या भिंतीवर फोटो होते. एकाच माणसाचे दोन, आधी आणि नंतर, शेजारी शेजारी. ते पाहिले की भल्याभल्यांची शंका विरघळायची.

युक्ती काही फार मोठी नव्हती. 'आधी'च्या वेळी केसांवर पाण्याचा फवारा मारायचा, दिवा नेमका माथ्यावर आणायचा आणि मान खाली घालायला लावायची. ओले केस एकमेकांना चिकटतात आणि टाळू लख्ख दिसते. 'नंतर'च्या वेळी केस कोरडे, दिवा समोरून, मान जराशी वर. पहिल्यांदा हे झालं ते निव्वळ चुकून. पण फोटो पाहून बाई इतक्या खूश झाल्या, आणि तो पेशंट तर आनंदानं रडलाच, की खरं काय ते तोंडाशी आलेलं यानं गिळून टाकलं. मग हाताला तसंच वळण पडलं. मनाची समजूतही घातली: केस त्यांचेच, डोकंही त्यांचंच, आपण फक्त उजेड पाडतो. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचं पोट नाही का लपवत? तरी चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या भिंतीपाशी तो स्वतः कधी थांबत नसे.

गेल्या वर्षी त्याची ताई आली होती ती नुसती विचारायला. भांगाजवळ केस विरळ झालेत असं तिला वाटत होतं. भावजींना वाटत नव्हतं. "केस उगवायचं औषध निघालं असतं, तर जगात एक तरी श्रीमंत टकला उरला असता का?" हा भावजींचा सवाल, आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. आधी फोटो, मग डॉक्टर, असा तिथला नेम. त्यानं ताईला खुर्चीत बसवलं, घरच्या गप्पा मारत फवारा मारला, दिवा माथ्यावर ओढला आणि बटण दाबलं. सख्ख्या बहिणीचाही फोटो त्यानं तसाच काढला. मुद्दाम नाही, सवयीनं.

बाईंच्या खोलीतून ताई डोळे पुसत बाहेर आली. "गोळ्या सुरू करतेय," म्हणाली.

त्याच वेळी तो बोलू शकला असता. "अगं, एवढं काही झालेलं नाही, दिव्यानं तसं दिसतंय," एवढंच तर सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर भिंतीवरच्या सगळ्याच फोटोंचं सांगावं लागलं असतं. म्हणून तो म्हणाला, "घे की. गुण आला तर आला." हे वाक्य त्याला पुढं वर्षभर अधूनमधून आठवायचं आणि तो घाईघाईनं दुसऱ्या कामाला लागायचा.

आज ताई 'नंतर'च्या फोटोसाठी आली होती.

"काय रे बारक्या, पोट केवढं वाढवलंस!" ती खुर्चीत बसत म्हणाली. जन्मताना तो पाप्याचं पितर होता म्हणे. आता दारातून आडवं आत यावं लागलं तरी ताईच्या लेखी तो बारक्याच. "नीट काढ हं. आजच्या फोटोवर सगळं ठरायचंय."

"सगळं म्हणजे?"

ताईनं दार नीट लागलंय का पाहिलं. "हे औषध चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं. बाळाला अपाय होतो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही म्हटलं, एक वर्ष थांबू. लग्न मुळात उशिरा, त्यात आता चाळिशी आली. आमच्या दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, यापुढे दिवस घालवू नका. या बाई म्हणतात, आणखी एक वर्ष घेतलंत तर केस टिकतील. मी ठरवलंय, फोटोत फरक दिसला तर घेईन. नाही दिसला तर आजपासून बंद."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"धाकट्या भावाशी काय बोलायचं असलं?" ताई लाजून हसली. "तुझे भावजी म्हणतात केसभरही फरक नाही. सासूबाई म्हणतात आहे. मला आरशात सकाळी वाटतं आहे, संध्याकाळी वाटतं नाही. तू सांग बरं. तू रोज डोकीच बघतोस."

तो वाकून बघायला लागला. वर्षापूर्वीचं ताईचं डोकं आठवायचा त्यानं प्रयत्न केला. पण आठवला तो फक्त त्यानंच काढलेला फोटो.

दिवा समोरून टाकला असता तर ताई हसत घरी गेली असती, भावजींना चिडवत. आणि आणखी एक वर्ष गोळ्या गिळत बसली असती. त्यानं फवाऱ्याची बाटली उचलली.

"अरे, ओले कशाला करतोस? आत्ता बाहेर पडले त्या काकांचे तर कोरडे होते."

"मान खाली घाल, ताई."

फोटो काढला. गेल्या वर्षीचा शोधला आणि दोन्ही पडद्यावर शेजारी लावले. ताई खुर्ची ओढून जवळ आली. तीच टाळू, तोच रुंद भांग. कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, हे खालच्या तारखेवरूनच कळत होतं.

"म्हणजे नाहीच," ताई म्हणाली. "पण मग बाकीच्यांना कसा येतो रे गुण?"

आता गिळायला काही उरलं नव्हतं. त्यानं सांगितलं. फवारा, दिवा, मान, सगळं. सांगताना तो पडद्याकडेच बघत होता. "औषधानं कुणाला खरंच गुण येतो की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. "बाईंनाही नाही. येतही असेल. ते कळायची सोयच मी ठेवली नाही."

"माझाही पहिला फोटो तसाच काढलास?"

"सवयीनं गं, ताई."

ताईनं टॉवेल घेऊन केस खसाखसा पुसले, कोपऱ्यातल्या ड्रायरनं वाळवले, आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसली. "आता त्यांचा काढतोस तसा काढ."

"कशाला उगाच?"

"काढ म्हणते ना."

त्यानं दिवा समोर आणला. फोटो छान आला, इतका तो हात सरावलेला. पडद्यावर ताईचे केस दाट, काळेभोर दिसत होते. ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाईंनी त्या दिवशी माझा फोटो दाखवला ना, तेव्हा मी घाबरूनच गेले होते," ती म्हणाली. "इतकं डोकं उघडं पडलंय हे मला माहीतच नव्हतं. म्हणून हो म्हटलं. हा दाखवला असता तर तशीच उठून घरी गेले असते."

तिनं आवाज चढवला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत किती जणांना आपण असं घाबरवलं, हेही त्याच्या मनात आलं, पण तो विचार पुढं नेण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती.

दारावर टकटक झाली. बाईंनी फोटो मागवलेत, असा बाहेरून निरोप आला.

"तिन्ही घेऊन जा," ताई म्हणाली. "आणि मला सांगितलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. मी आत येत नाही. माझं काम झालं."

"ताई, मी... तुझे केस..."

"केसांचं मरू दे रे," ती पर्स उचलत म्हणाली. "वर्ष कुठून आणू, ते सांग."

उत्तरासाठी ती खरोखरच दारात थांबली होती. मग गेली.