कोरमला एक कमी

दोन वाजून पन्नास मिनिटं झाली तेव्हा प्यो सन-ह्वाला एका जागी उभं राहवत नव्हतं. पायलट युनियनचा हॉल बांघ्वा-दोंगमध्ये, नूडल्सच्या खानावळीवर तिसऱ्या मजल्याला, आणि लिफ्टचा पत्ता नाही. ती आणि तिच्याच जुन्या कंपनीतले, नारे एअरचे म्हातारे कॅप्टन गू हॉलच्या उघड्या दाराबाहेर जिन्याशी उभे होते. आत पाऊल टाकायचं नाही असं दोघांनी ठरवलंच होतं. आत नऊ जण बसले होते आणि कोरम अकराचा होता.

मोठ्या गाराम एअरने छोटी नारे एअर गिळली त्याला वर्ष झालं होतं. पायलट नऊशे गारामचे, चारशे नारेचे. पण युनियनच्या वीस प्रतिनिधींत अठरा गारामचे आणि नारेचे दोनच, सन-ह्वा आणि गू. चारशे माणसांच्या तोंडाला पानं पुसली होती, दुसरं काय. आजचा ठराव सेवाज्येष्ठतेच्या यादीचा होता, आणि त्या यादीत नारेचा प्रत्येक माणूस गारामच्या शेवटच्या माणसाच्याही खाली होता. सन-ह्वा चौदा वर्षं कॉकपिटच्या उजव्या खुर्चीत बसून उडत होती. एप्रिलमध्ये तिचं कॅप्टनचं प्रशिक्षण ठरलं होतं, म्हणजे डावी खुर्ची. नव्या यादीने ती खुर्ची तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाली असती, आणि साठीला निवृत्ती. तिने तीनदा मोजून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा रडली होती.

ऑक्टोबरची सभा कोरमअभावी बारगळली होती. आजचीही बारगळली तर नियमाप्रमाणे यादी बाहेरच्या लवादाकडे जाणार होती, आणि लवाद कंपनी बघत नाही, रुजू झाल्याची तारीख बघतो. हजेरी बरोबर तीन वाजता लागायची. गारामचे नऊ जण आले नव्हते, कारण महिन्याच्या फेऱ्या ज्येष्ठतेने निवडायच्या असतात. वरच्यांनी होनोलुलू आणि पॅरिस उचललं आणि सभेला बाकीचे आहेतच, असं प्रत्येकाने धरलं.

"होनोलुलूवाले दोघं टॅक्सीत आहेत," मोबाइलवर नजर ठेवून गू म्हणाले. "आले तर अकरा होतात, पोरी."

आतून अध्यक्ष कॅप्टन मेंग यांनी हाक मारली. "बाई, आत येऊन बसा की. पाय दुखतील."

"सवय करतेय, साहेब. तुमच्या यादीने अजून सतरा वर्षं ताटकळायचंय."

"चिडू नका. आधी आलेला तो सनबे, एवढं साधं आहे. गाराममध्ये तुम्ही गेल्या वर्षी आलात."

"आणि हा ओक?" आतल्या एका तरुणाकडे बोट दाखवत तिने विचारलं.

"ओकला नऊ वर्षं झाली. म्हणजे ओक तुमचा सनबे."

ओक जुन-गी अडतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप आणि रीतसर निवडून आलेला प्रतिनिधी. पण आतल्या नऊ जणांत तो सर्वांत धाकटा, म्हणून सगळ्यांची कॉफी तोच करत होता. त्याने मान वर केली नाही.

खाली टॅक्सीचं दार आपटलं. जिन्यावर बूट वाजू लागले. दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी गणवेशातले दोन कॅप्टन धापा टाकत तिच्या शेजारून आत गेले.

"नऊ आणि दोन किती, गूसाहेब?" मेंग खुशीत हसले.

"बॅगा खालीच राहिल्यात," आलेल्यांपैकी एक म्हणाला.

"ओक, जा. बॅगा आण." मेंग यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरच्याची बॅग धाकट्याने उचलायची हे तीस वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही चुकतंय हे हॉलमध्ये कुणाच्या मनातही आलं नाही.

जुन-गी उतरून गेला. सन-ह्वाने आतली डोकी मोजली. तिने पुन्हा मोजली. गू काहीतरी बोलणार एवढ्यात तिने त्यांची बाही घट्ट धरली आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.

जुन-गी बॅगा घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. तिथे त्याने दोन्ही बॅगा खाली ठेवल्या, घड्याळ पाहिलं, मग वर तिच्याकडे पाहिलं. आणि खाली बसून उजव्या बुटाची नाडी सोडून सावकाश बांधली. मग डाव्या बुटाची.

"तीन वाजले," आतून चिटणीस म्हणाला. "हजर दहा."

"दहा कसे? नीट मोज."

"दहाच आहेत, साहेब."

"ओक कुठाय?" मेंग यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांचा चेहरा उतरला. चिटणिसाने वहीत वेळ लिहिली आणि सभा रद्द झाल्याचं वाचून दाखवलं.

सन-ह्वाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. एवढा आनंद तिला पहिल्यांदा एकटीने विमान उतरवलं तेव्हाच झाला होता. गू कठडा धरून मटकन खाली बसले.

जुन-गी वर आला. त्याला धापही लागली नव्हती. दारात सन-ह्वा उभी होती. तो हातातल्या बॅगांसकट तिच्यापुढे कमरेत वाकला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सनबे, जरा वाट देता? बॅगा जड आहेत."