मयूराचा खड्डा

मयूरा सिडनीला अकाउंटिंगचं मास्टर्स करायला आली ते २००८ साल होतं. वेंटवर्थव्हिलच्या एकेका फ्लॅटमध्ये तेव्हा चार-चार विद्यार्थी राहायचे आणि जो तो शिफ्टच्या शोधात असायचा. कोणाला पेट्रोल पंप मिळाला, कोणाला नर्सिंग होम. मयूराला मिळालं ते काम ऐकून तिच्या रूममेट्स पोट धरून हसल्या. तिला दर शुक्रवारी वाळूत खापरं पुरायची होती.

हे काम ग्लेनिसचं. ग्लेनिस इतिहासाची निवृत्त शिक्षिका. विंडसरच्या पुढे तिचं शेत होतं, आणि त्यात तिने रेल्वेचे जुने स्लीपर लावून चार मोठे चर तयार केले होते. तळाला काळी माती, तिच्यात दगडी कुऱ्हाडी आणि हाडाच्या सुया. वर पिवळी वाळू, तिच्यात रोमन नाणी, फुटके रांजण, मातीचे दिवे. सगळं नकली, पण हुबेहूब. शनिवारी मुलं यायची, ब्रश आणि थापी घेऊन उकरायची आणि शिकायची की जे खाली ते जुनं.

"इथल्या जमिनीचा खरा इतिहास इथल्या मूळ रहिवाशांचा आहे. तो खेळायला घ्यायचा नाही," ग्लेनिसने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "म्हणून आपण रोमन लोकांना त्रास देतो."

एका शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. मयूराने चारही चर भरले, वाळू सारखी केली, पाठ सरळ केली आणि बघते तर क्रेटमध्ये एक दिवा तसाच. तिकडे ग्लेनिस तिला स्टेशनवर सोडायला यूट, म्हणजे तिची पिकअप गाडी, चालू करून बसलेली. ट्रेन चुकली की पुढची अर्ध्या तासाने. मयूराने गुडघे टेकले, कोपऱ्यात हाताने भराभर उकरलं, दिवा आत खुपसला, वाळू लोटली, वरून थोपटलं आणि पळाली.

शनिवारी मयूरा मुलांकडे लक्ष द्यायला पुन्हा आली. क्वेकर्स हिल उपनगरातली मुलं आली होती. त्यांच्यात दहा वर्षांची उर्वी होती. तिची आई शैला मदतीला सोबत आली होती. उर्वी मोठी चिकट पोरगी. बाकीची मुलं नाणी सापडली की धावत सुटायची. ही आपली एका कोपऱ्यात पालथी पडून ब्रश फिरवत होती. वाळू संपली, काळी माती लागली, दगडी कुऱ्हाड निघाली. आणि कुऱ्हाडीच्याही खाली निघाला रोमन दिवा.

"दिस इज राँग," उर्वी म्हणाली.

मयूराला कालचा दिवा आठवला. घाईत हात काळ्या मातीत कधी शिरला हे तिला कळलंच नव्हतं.

"असं बोलू नये उर्वी," शैला म्हणाली. "ताईला विचार, ती सांगेल."

उंदराने नेला असेल, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मयूराने तोंड उघडलंही. पण उर्वीने हात वर करून तिला थांबवलं. ती दिव्याच्या आजूबाजूला ब्रश फिरवत होती. काळ्या मातीत पिवळ्या वाळूचा एक वाकडातिकडा गोल दिसायला लागला.

"समबडी डग अ होल," ती म्हणाली. "फ्रॉम अप देअर."

ग्लेनिस चष्मा सावरत आली आणि बघता बघता चराभोवती गर्दी झाली. "खड्डा कोणी खणला असेल?" तिने मुलांना विचारलं. "कसा माणूस असेल?" एक मुलगा म्हणाला, घाईत असणार, कडा बघा किती वेड्यावाकड्या आहेत. एकीने आपला हात घालून बघितला आणि सांगितलं, खड्डा कोपरापर्यंतच आहे, म्हणजे फावडं नव्हतं. तेवढ्यात उर्वीने खड्ड्याच्या तळातून एक कागदाचा चौकोन बाहेर काढला. ते ट्रेनचं रिटर्न तिकीट होतं. वेंटवर्थव्हिल ते विंडसर, तारीख कालची. काल संध्याकाळी याच तिकिटासाठी मयूराने स्टेशनवर सगळे खिसे उलटे केले होते.

उर्वीने मान वर केली. "डू यू लिव्ह इन वेंटी?"

"हो," मयूरा म्हणाली. "तो माणूस मीच. दिवा राहिला होता, आणि मला ट्रेन पकडायची होती. सॉरी, ग्लेनिस."

मग ग्लेनिस अशी हसली की तिला स्लीपरवर बसावं लागलं. "तीस वर्षं मी शिकवतेय, खालचं ते जुनं," डोळे पुसत ती म्हणाली. "खड्डा पडला की वरचं खाली जातं, हे मला कधी दाखवता आलं नव्हतं. या मुलांनी आज खरा माणूस शोधून काढला." मुलांनी चराचा नकाशा काढला आणि त्यात त्या गोलावर 'मयूराज पिट' असं लिहून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत शैलाने डबा उघडून तिच्यापुढे थालीपीठ धरलं. "तू मूळची कुठली गं?"

"नेवाशाची."

"नेवाशाला तर मोठं उत्खनन झालंय ना? आणि तरी तुला खोदकाम नवीन?"

"नवीन कसलं? आमच्याकडे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याच्या संशोधकांनी तिथे खोदलं. आमचा मधूकाका पाट्या उचलायला जायचा. दगडी हत्यारं निघाली, आणि वरच्या थरात रोमन रांजणांचे तुकडे. आम्ही त्या टेकाडावर नुसत्या घसरगुंड्या खेळलो."

"रोमन्स केम टु युअर व्हिलेज?" उर्वीचा घास हातातच राहिला.

"ते आले की नाही माहीत नाही. त्या रांजणांतून त्यांची वाइन मात्र आली होती."

उर्वीसाठी मयूराने हे सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि मागे उभ्या असलेल्या ग्लेनिसने ते ऐकलं. "रोमन माल तुझ्या गावी निघाला, आणि तू इथे गुपचूप खापरं पुरतेस?" ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी मुलांशी तू बोलायचं."

आठवडाभर मयूराने ऑडिटिंगचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मधूकाकाला दोनदा फोन केला. त्याला रांजण आठवत नव्हते, पण साहेबांचा चहा वेळेवर आला नाही की काय व्हायचं ते सगळं आठवत होतं. शनिवारी ती तीस मुलांसमोर उभी राहिली. मग तिने ओल्या वाळूत बोटाने समुद्र काढला, एका टोकाला रोम, दुसऱ्या टोकाला भारताचा किनारा आणि त्याच्या आत नदीकाठी नेवासं. मुलं ते बघायला इतकी जवळ सरकली की दोघांचे बूट समुद्रात गेले.