कापायचा राहून गेलेला दोर

मी एक जुना दोर आहे. दोर कसला, आता जेमतेम हातभर तुकडा उरलोय, आणि सामानाच्या खोलीच्या दाराला मूठ म्हणून बांधलेला आहे. पण मित्रांनो, मला ओढून दार उघडण्याआधी माझं दोन मिनिटं ऐकून घ्या. गोड गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर शेजारी जुना कंदील आहे, त्याच्याकडे जा. मी रागावलेला आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी तर जळलेलाही नाही, मग माझा पीळ कसा जाईल?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे यंत्रांचा एवढा खडखडाट असायचा की कामगार कानांत बोळे घालून खुणांनीच बोलायचे. आधी पांढऱ्या धाग्यांच्या बारीक वेण्या वळल्या गेल्या, तो माझा गाभा. त्यावर निळ्या-नारिंगी धाग्यांचं आवरण विणलं गेलं. लोक आवरण बघून "काय सुंदर रंग आहे!" म्हणतात. वजन मात्र पेलतो तो गाभा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला विकत घेतलं आत्याने. ती आणि तिचा भाऊ, दोघांनी मिळून लोकांना डोंगरदऱ्या दाखवायचा धंदा सुरू केला होता. भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाने ऑफिस हातात घेतलं. तो तिला आत्या म्हणायचा, म्हणून ड्रायव्हर, स्वयंपाकी, पर्यटक, झाडून सगळेच तिला आत्या म्हणू लागले. बोटभर उंचीची, आवाज मात्र पलीकडच्या कड्यावर जाऊन परत येणारा.

रोज संध्याकाळी आत्या मला मांडीवर घ्यायची आणि उघड्या बोटांतून सरकवायची. पन्नासच्या पन्नास मीटर, डोळे मिटून. कुणी म्हटलं, "आत्या, अहो बघितला की सकाळी," तर म्हणायची, "डोळ्यांना काय, रंग दिसला की खूश. बोटांना विचारावं लागतं."

तिचे दोन नियम होते. पहिला, दोरावर पाय द्यायचा नाही. पायाखालची वाळू आत शिरते आणि गाभा कुरतडते. ज्याचा पाय पडेल त्याने संध्याकाळी सगळे दोर धुवायचे. भाच्याने आयुष्यात सर्वांत जास्त दोर धुतले, यावरून काय ते समजा. दुसरा नियम, खडकाच्या धारेवर जबर हिसका खाल्लेला दोर त्याच संध्याकाळी कापायचा. कापायचा म्हणजे हातहातभर तुकडे करायचे. "लांब तुकडा ठेवला की कुणाला तरी मोह होतो. एवढ्याने काय होतंय, म्हणतात आणि बांधतात," असं ती म्हणायची.

माझ्यासमोर तिने लाल दोर कापला, तो माझ्यापेक्षा थोरला होता. मी तेव्हा नवा, अकलेने कच्चा. मला वाटलं, काय कृतघ्न बाई आहे! एवढी वर्षं राबवून घेतलं आणि चाकू लावला. पण कापून झाल्यावर ती बराच वेळ ते तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. त्या लाल दोराने कुणालाही पाडलं नव्हतं, आणि आता त्याच्या हातून कुणी पडणारही नव्हतं.

मग आमची भटकंती सुरू झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं गाडीच्या टपावर. बर्फात मी लाकडासारखा कडक झालो आणि एका भेगेत घसरलेल्या डॉक्टरला कमरेला धरून वर आणलं. घळीत अचानक पाणी वाढलं, तेव्हा दोन खडकांमध्ये मला ताणून बांधलं आणि अकरा माणसं मला धरून पलीकडे गेली. शेवटचे आजोबा पलीकडे पोचले तरी मला सोडेनात. त्यांची बोटं एकेक करून उकलावी लागली. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

वाळवंटात मात्र शेकोटीची ठिणगी उडाली आणि माझ्या मध्याजवळ येऊन बसली. आवरण तेवढ्यापुरतं वितळलं आणि तांदळाएवढी कडक गाठ राहिली. गाभ्याला काही झालं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बोटं तिथे आली की आत्या थांबायची आणि हसून म्हणायची, "आहे रे आहे, तुझा तीळ आहे जागेवर."

मग दिवस बदलले. भाच्याने जाहिरात केली की कुणीही या, भित्र्यांनाही जमेल. आणि लोक आले, झुंडीने आले. मित्रांनो, काय सांगू! कड्याच्या फटीत खाऊचे कागद कोंबले. जो खडक लाखो वर्षं गप्प उभा होता त्याच्यावर आपली नावं कोरली, जणू खडक यांच्या काकांचा. मला तुडवलं, माझ्यावर बसून डबे खाल्ले. आणि दोराला लटकण्याआधी प्रत्येकाचा एकच प्रश्न, "फोटो कुठून चांगला येईल?"

असाच एक साहेब आला. मोठं शरीर, त्याहून मोठा मोबाईल. मी त्याच्या कमरेला बांधलेला होतो आणि वर आत्या मला धरून बसली होती. तो कड्याच्या टोकाकडे सरकू लागला. आत्या ओरडली, "साहेब, मागे या, दोर ढिला पडतोय!" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मला हाताने आणखी ओढून घेतलं, पाठ दरीकडे केली, मोबाईल उंच धरला आणि गेला खाली.

मी त्याला धरलं. खडकाच्या धारेवर मला असा हिसका बसला की आतून काहीतरी तट् तट् तुटलं. आत्याने मला सोडलं नाही. तिचं उजवं मनगट माझ्या आणि दगडाच्या मध्ये सापडलं आणि मोडलं, तरीही सोडलं नाही. आणि खाली लोंबकळणारा तो शहाणा पहिला शब्द काय बोलला असेल? "माझा मोबाईल!"

आत्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वेदनेने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तशातही दार लावण्याआधी तिने भाच्याला जवळ बोलावलं. "दोर काप. आज. विसरू नकोस."

"हो आत्या," भाचा म्हणाला.

त्या 'हो'वर विश्वास ठेवून ती गेली.

भाचा मला घेऊन खोलीत आला. चाकू काढला. मी तयार होतो, खरंच तयार होतो. मग त्याने मला उलटंपालटं करून बघितलं. आवरण खरचटलं होतं, पण शाबूत होतं. सुट्ट्यांचा हंगाम ऐन भरात, सगळ्या जागा भरलेल्या आणि नवा दोर यायला दोन आठवडे. "वरून तर नवाकोरा दिसतोय," तो स्वतःशीच पुटपुटला आणि चाकू परत ठेवला. एवढंच करून थांबला असता तर आळशी म्हणून सोडून दिला असता. पण त्याने मला साबणाने घासलं, टोकाला ओळखीसाठी बांधलेली माझी हिरवी खूण सोडली आणि दुसऱ्याच दोराची पिवळी खूण बांधली. म्हणजे त्याला कळत होतं! वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि तमाशाचा मालक हा.

अकरा दिवस मी तसाच राबलो. रोज पंधरा-वीस माणसं माझ्यावर भार टाकून कडा उतरायची. प्रत्येक वेळी आतला एखादा पांढरा धागा तुटायचा. मला ऐकू यायचं, त्यांना नाही. खिदळत उतरायचे, खाली जाऊन टाळ्या वाजवायचे. मला तोंड असतं तर सगळी दरी दणाणून सोडली असती. पण दोराला तोंड नाही. दोर फक्त धरू शकतो, आणि धरवेनासं झालं की सोडू शकतो. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मजा म्हणजे जीव त्यांचे टांगलेले होते.

बाराव्या दिवशी आत्या आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. "काम करायचं नाही, नुसतं सावलीत बसायचं," असं बजावून भाच्याने तिला वर आणलं आणि खुर्ची दिली.

त्या दिवशी पहिली उतरणार होती एक बाई, शाळेची बस चालवणारी. सुट्टी घेऊन आयुष्यात पहिल्यांदा एकटी फिरायला आली होती. हेल्मेट घालून कड्यापाशी आली आणि अडून उभी राहिली.

"हा दोर कुणी तपासला?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांत कुणीही न विचारलेला प्रश्न! मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली.

"अहो ताई, एकदम भक्कम आहे," भाचा घाईने म्हणाला. "कालच वीस जण उतरले."

"उतरले असतील. मी रोज सकाळी ब्रेक दाबून बघते, मगच गाडी हलवते. काल लागला होता म्हणून आज लागेलच असं नसतं."

खुर्चीतून आत्या हसली. "शंभर टक्के बरोबर. आणा इकडे. मला एकच हात आहे, तुम्ही ओढा, मी बघते."

"आत्या, मागे लोक खोळंबलेत," भाचा म्हणाला.

"खोळंबू देत."

बसवाली ताई मला ओढू लागली आणि मी आत्याच्या डाव्या हातातून सरकू लागलो. डावा हात नवशिका होता, हळूहळू चाचपत होता. तिने डोळे मिटले. दहा मीटर गेले, वीस गेले. मग तिचा अंगठा माझ्या तिळावर आला आणि थांबला.

आत्याने डोळे उघडले. पिवळी खूण बघितली. पुन्हा तिळावरून अंगठा फिरवला. "ओढा," एवढंच म्हणाली. आणखी दोन मीटरवर ती जागा आली. तिथे मी बोटांत भरलोच नाही. आवरणाच्या आत काही नसल्यासारखा मऊ पडलो आणि मधोमध दुमडलो.

"हा तोच दोर आहे," आत्या म्हणाली.

भाचा घाईने पुढे आला. "आत्या, वरून काही दिसत नव्हतं... बुकिंग होती... आणि झालं का कुणाला काही?"

मला वाटलं आता ती ओरडेल, अख्खा डोंगर हादरेल. पण ती अगदी हळू बोलली. "बरं. मग आधी तू उतर."

"काय?"

"चांगला आहे ना दोर? आधी तू उतर. मग ताई उतरतील."

सगळे बघत होते. भाच्याने पट्टा चढवला, मला त्यात अडकवलं आणि कड्यापाशी गेला. टाचा धारेवर टेकवल्या. आता फक्त मागे झुकायचं होतं. हजार वेळा केलेलं काम. माझ्यावर त्याची मूठ आवळली. किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. मग पुढे आला आणि मट्कन खाली बसला.

"आत्या, मला भीती वाटते."

"आज वाटते?" आता मात्र तिचा आवाज चढला, आणि पलीकडच्या कड्यावर जाऊन परत आला. "अकरा दिवस कुठे गेली होती रे ही भीती? लोकांच्या लेकराबाळांना सोडत होतास, तेव्हा कुठे होती?"

तिने डाव्या हाताने कमरेचा चाकू काढून त्याच्या पुढ्यात टाकला. "काप. माझा हात मोडलाय. तुलाच कापायला लागेल."

त्याने त्या मऊ जागेवर चाकू लावला. जोर करावाच लागला नाही. आवरण फाटलं आणि आतून तुटलेले पांढरे धागे बाहेर आले, उसवलेल्या उशीतून कापूस यावा तसे. निम्म्याहून जास्त आधीच तुटलेले होते. बसवाल्या ताईने ते बघितलं आणि तीही जमिनीवर बसली. म्हणाली, "माझ्या ब्रेकवर कुणी असा नुसता रंग मारला असता, तर त्याला मी चाकापुढे झोपवला असता." भाच्याने मान वर केली नाही. तो कापत राहिला, हातहातभर, पन्नास मीटर संपेपर्यंत.

त्यातला तिळाचा तुकडा म्हणजे मी. आत्यानेच मला या दाराला बांधलं. तिचं मनगट वाकडंच जुळलं, ती आता कड्यावर दोर धरत नाही. संध्याकाळी भाचा दोर मांडीवर घेतो आणि डोळे मिटून बोटांतून सरकवतो. ती शेजारी बसून बघते. सकाळी सामान काढायला त्याला मलाच ओढावं लागतं, आणि रोज त्याचा अंगठा तिळावर येतो. त्याला वाटत असेल मी माफ केलं. मी केलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. बर्फात जाल, वाळूत जाल, उंच कड्यांवर जाल. जरूर जा, जग बघण्यासारखंच आहे. खडकावर नावं कोरू नका, दोरावर पाय देऊ नका. एखादा दोर थकला तर त्याची दया म्हणून त्याला ठेवून घेऊ नका, वेळेवर कापा. आमचा त्यातच मान आहे. आणि कुणी रंगीत दोर तुमच्या कमरेला बांधून "काही होत नाही हो" म्हणाला, तर लाजू नका, घाबरू नका. त्याच्या डोळ्यांत बघा आणि एवढंच म्हणा, "बरं. मग आधी तुम्ही उतरा."