गुलाबी गाडीची लाल फीत

‘दारात तपासणीची गाडी उभी असतानाही कै. मंजुळाबाई यांनी वेळेत तपासणी करून घेतली नाही, म्हणून त्या आज आपल्यात नाहीत. भगिनींनो, ही चूक तुम्ही करू नका.’

हे वाक्य आष्टीजवळच्या माळावर, महिला गोल्फ स्पर्धेच्या कमानीशेजारी, माणसाच्या दुप्पट उंचीच्या फलकावर छापलेले होते. खाली आरोग्य प्रतिष्ठानाचे अध्यक्ष बबनराव हात जोडून उभे होते. मृत बाईचे छायाचित्र छापायला जागा उरली नसावी.

मित्रांनो, कोणताही लेख वाचताना त्याची विधाने सुटी करावीत. गाडी उभी होती, हे खरे. इतकी उभी होती की तिच्या चाकांभोवती गवत उगवले. मंजुळाबाई आपल्यात नाहीत, हेही खरे. त्या वेळेत आल्या नाहीत, हे मात्र खोटे, आणि ते मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. त्या ज्या दारापर्यंत आल्या, त्या दारात मीच आडवी होते. मी एक जुनी फीत आहे.

माझा जन्म सुरतेच्या मागावर झाला. तिथून रिळात गुंडाळून मी चौसाळ्याला महामार्गावरच्या एका दुकानात आले. माझ्या बहिणी लवकर मार्गी लागल्या. कुणी शाळकरी मुलींच्या वेण्यांत गेली, कुणी पेढ्यांच्या खोक्यावर, कुणी नव्या ट्रॅक्टरच्या नाकावर. त्यांनी काही ना काही बांधले. मला मात्र अडवण्यासाठी विकत घेतले गेले. दारे अडवायला माणसांनी खंदक खणले, तोफा ओतल्या, बुरूज उभारले. चार हात साटिन आणि एक सुरगाठ पुरते, हे त्या बिचाऱ्या किल्लेदारांना सुचले नाही.

ज्या पहिल्या स्पर्धेतून ही गाडी आली, ती मी पाहिलेली नाही. बायकांच्या बोलण्यातून ऐकली आहे. वर्षाराणी नावाच्या खेळशिक्षिका पुण्यात गोल्फ शिकून आल्या होत्या. आपल्या मावशीला स्तनाच्या कर्करोगाने नेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी बायकांकडून माळावरचे दगड वेचून घेतले, पत्र्याचे डबे पुरून खळगे केले, आणि हिरवळीच्या जागी तेल शिंपडून चोपलेली वाळू अंथरली. डॉक्टरीणबाईंपासून ऊसतोडणीच्या बायकांपर्यंत सगळ्या काठी घेऊन उतरल्या. मंजुळाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ रतनबाई या दोघी दगड वेचायला आल्या आणि खेळायला थांबल्या.

“रतने, मान खाली घाल. ऊस समजून हाण!”

“ऊस एका जागी उभा ऱ्हातो, बाई. ही गोळी बगावं तवा बाभळीत!”

सगळा माळ हसला. त्या हसण्यावर वर्गणी आली, देणगीदार आले, आणि नवरात्राच्या आधी स्तनांच्या तपासणीचे यंत्र बसवलेली एक गुलाबी गाडी माळावर येऊन उभी राहिली. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ मुलगी पुण्याहून आली. ती चालकाच्या बाजूने आत शिरली आणि यंत्र सुरू करून बायकांची वाट पाहत बसली.

मागच्या दारावर मला बांधले बबनरावांनी. आमच्याकडे रीत अशी, की हातपंप असो, स्मशानाची शेड असो वा बसथांबा, मोठ्या माणसाच्या हाताने फीत कापल्याखेरीज ती वस्तू अस्तित्वातच आलेली नसते. बबनरावांना ‘साहेब’ हवे होते. साहेबांची तारीख मिळत नव्हती.

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आदल्या दिवशी दोघी जावा दारात आल्या. मंजुळाबाईंच्या बोचक्यातून कोयत्याची मूठ बाहेर आली होती.

“बबनरावदादा, काखंजवळ गाठ हाय,” त्या पदर सावरून म्हणाल्या. “दुखत न्हाई, पर वाढायलीय.”

“फीत कापायची ऱ्हायलीय, बाई. सायबाची तारीख आली की पहिला नंबर तुमचा.”

“उद्या ट्रक निघतोय.”

“मग आल्यावर या. गाडी कुठं पळून चालली?”

आतून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “काका, थोड्या वेळाचं काम आहे. येऊ द्या ना त्यांना.”

रतनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. “ती चिंधी जरा वर धरा की. वाकून जाईल ती खालून. जलमभर वाकूनच हाय.”

“चिंधी म्हनू नका. साटिन हाय,” बबनराव म्हणाले.

मंजुळाबाईंनी हात जोडले. मग दोन बोटांनी मला चाचपून पाहिले. ज्या बाईच्या कोयत्यापुढे दिवसाला उसाचे रान आडवे होई, ती माझ्यापुढे थांबली. कारण ती सभ्य होती, आणि सभ्यता ही फक्त गरिबांनी पाळायची गोष्ट आहे, असे बबनरावांसारख्यांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले होते. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. काही दिवसांनी तंत्रज्ञ मुलगीही कंटाळून परत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या हेळसांडीची तक्रार करतात. मी करणार नाही. माझी फार काळजी घेतली गेली. बबनराव दर आठवड्याला येऊन स्वतःच्या रुमालाने माझ्यावरची धूळ झटकत. पाहुणे आले की मला मध्ये घेऊन छायाचित्र काढत. वाऱ्याने सैल झाले तर पुन्हा आवळत. त्या वर्षी आष्टी तालुक्यात माझ्याइतके जपलेले बाईमाणूस दुसरे नसेल.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या, तेव्हा ती नुसती गाठ राहिली नव्हती; आजार फुप्फुसापर्यंत गेला होता. दिवाळीआधी आणले असते तर, असे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी म्हटले आणि वाक्य पुरे केले नाही. आषाढात मंजुळाबाई गेल्या.

श्रावणात दुसरी स्पर्धा ठरली. बबनरावांनी तिला मंजुळाबाईंचेच नाव दिले आणि तो फलक लावला. साहेबांची तारीख अखेर मिळाली होती, म्हणून तंत्रज्ञ मुलीलाही पुण्याहून पुन्हा बोलावून घेतले होते.

रतनबाईंना वाचता येत नव्हते. वर्षाराणींनी त्यांना फलक वाचून दाखवला. रतनबाई तडक बबनरावांकडे गेल्या.

“कावून खोटं लिवलं? आमी आलतो. मी संगं होते.”

“दुःखात भलतंसलतं आठवतं मानसाला. कोन साक्षीदार हाय?”

“मेली तर मेली, पर ती येडी ठरून न्हाई जायची,” रतनबाई वर्षाराणींना म्हणाल्या. “तेवढं वाक्य काढा, बाई. बाकी मला काय नको.”

“वाक्य मी नाही काढणार, रतनताई,” वर्षाराणी म्हणाल्या. “ज्यानं लिहिलं तोच काढेल.”

खेळ संपला. चषक वर्षाराणींच्या संघाने जिंकला. साहेब गाडीपाशी आले, हळदीकुंकवाच्या ताटातली कात्री त्यांनी उचलली. तेवढ्यात वर्षाराणींनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, आणि इतक्या गोड आवाजात बोलल्या, की मलाही थंडी वाजली.

“साहेब, क्षमा करा. आमच्या अध्यक्षांनीच फलकावर लिहिलंय, गाडी वर्षभर तपासणीला उभी होती, मंजुळाबाईच तेवढ्या आल्या नाहीत. म्हणजे बाकीच्या बायका आत जाऊन आल्या. ही फीत तुमच्याआधी कुणीतरी सोडून पुन्हा बांधलेली दिसते. रंगही उडालाय बघा.”

रंग खरेच उडाला होता. वर्षभराच्या उन्हाने मी लाल होते ती गुलाबी झाले होते.

साहेबांनी कात्री ताटात टाकली. “बबनराव, मला शिळ्या उद्घाटनाला बोलावलंत?”

बबनरावांसमोर आता दोन माणसे होती. एक जिवंत आणि मोठा, दुसरी मेलेली आणि गरीब. एकासमोर खोटे ठरायचे, की दुसरीसमोर? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यांनी वर्षाराणींच्या हातातून ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला.

त्यांचे उत्तर मी शेवटी देते. आधी माझी विनंती. वस्तू जपा असे मी सांगणार नाही. माणसे जपा, आणि एखाद्या उघड्या दारात माझ्यासारखी कुणी आडवी दिसली, तर कात्रीची वाट पाहू नका. मी एका हिसक्यात सुटते. त्या दिवशी, बबनरावांचे बोलून झाल्यावर, रतनबाईंनी मला तशीच सोडवली, आणि रांगेतल्या बायका साहेबांच्या अंगावरून आत शिरल्या. आता मी रतनबाईंच्या कोयत्याच्या मुठीला आहे. तो फलक त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे, छापील बाजू खाली; बबनराव रात्रंदिवस शेळ्यांना हात जोडतात. बबनराव आजकाल सांगत फिरतात, की त्यांच्या बोलण्याचा विपर्यास झाला. म्हणून संपूर्ण माळाने कर्ण्यातून ऐकलेले त्यांचे शब्द, एकही न बदलता, असे:

“सायेब, आईची शपथ, ही फीत जशी बांधली तशी हाय! वर्षभर एक बाई आत सोडली न्हाई मी. ती मंजुळाबाई, जिचं नाव दिलंय, ती ट्रक निघायच्या आदल्या दिवशी गाठ घेऊन आलती. हात जोडले तिनं. आत मशीन चालू होती. तरीबी म्या उघडलं न्हाई, तुमच्यासाठी! खोटं वाटत आसंल तर इचारा तिच्या जावंला, ती संगं होती!”